क्लिकचे पैसे कोणाच्या खिशातून?
(शाखेच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, बढती, रिक्त जागा हे विषय आपण दर सभेत घेतो. आज खिशातून गुपचूप जाणाऱ्या पैशाबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

आमच्या एका सहकाऱ्याने पतपेढीचे कर्ज काढून ‘जाहिरातीवर क्लिक करा, पैसे मिळवा’ अशा संकेतस्थळाचे सभासदत्व घेतले. दोन महिने पैसे आले, म्हणून त्याने मेव्हण्याला आणि दोन सोबत्यांनाही आत ओढले. तिसऱ्या महिन्यात संकेतस्थळ बंद! हप्ता अजून पगारातून कापला जातो आणि सोबती त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला हसू नका. महागाईत जोडउत्पन्न कोणाला नको? आपण फक्त हिशेब मांडू.

जी संकेतस्थळे खरोखर जाहिरातदारांच्या पैशावर चालतात, ती एका क्लिकला जेमतेम काही पैसे देतात. समजा दहा पैसे मिळाले आणि प्रत्येक जाहिरात अर्धा मिनिट पाहावी लागली, तर तासाला १२० क्लिक, म्हणजे १२ रुपये! म्हणजे प्रामाणिक असले तरी ते काम परवडणारे नाही. मग जास्त देणारा ते आणतो कोठून?

२०१७ च्या फेब्रुवारीत नोएडा येथे ‘सोशल ट्रेड’चे प्रकरण उघडकीस आले. एका क्लिकला ५ रुपये देण्याचे आश्वासन होते, पण आधी ५,७५० ते ५७,५०० रुपये भरायचे. म्हणजे ५,७५० रुपये भरणाऱ्याला नुसते मुद्दल परत मिळवायलाच १,१५० क्लिक हवेत. सहा लाखांहून अधिक लोकांचे सुमारे ३,७०० कोटी रुपये त्यात गोळा झाल्याचे पोलिसांनी सांगितले. नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते, असा त्यांचा आरोप होता. त्याआधी २०११ मध्ये ‘स्पीक एशिया’ गाजले. तेथे ११,००० रुपये भरून सर्वेक्षणाचे अर्ज भरायचे होते. काम वेगळे, रचना तीच. भरती थांबली की वाटप थांबते.

आता हीच मंडळी मोबाईलवर येतात. आधी व्हिडिओ ‘लाइक’ करायला शे-दोनशे रुपये देतात आणि मग ‘मोठ्या कामासाठी’ हजारो रुपये भरायला लावतात. ते सुरुवातीचे पैसे म्हणजे गळाला लावलेले आमिष.

म्हणून चार प्रश्न विचारा. काम देणारा आधी पैसे का मागतो? माणसे आणल्यावर जास्त का देतो? पैसे काढताना नवे शुल्क का सांगतो? आणि त्याची कमाई नेमकी कशातून होते? एकाचेही उत्तर सरळ नसेल तर दूर राहा. ओटीपी, बँकेचा तपशील कोणालाही देऊ नका.

आणखी एक गोष्ट. साखळी पद्धतीच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय रेल्वे आणि टपाल, दोन्ही खात्यांच्या वर्तणूक नियमांत खासगी व्यवसायावर निर्बंध आहेत. माणसे जोडताना नोकरीही पणाला लागते. खेड्यातली म्हातारी पोस्टमनच्या शब्दावर आपली बचत टाकते. तो शब्द अशा योजनेला उसना देऊ नका.

कोणी फसला असेल तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, संदेश आणि पावत्या जपून ठेवा आणि शाखेत या. तक्रार लिहायला आम्ही सोबत बसू. एकटा माणूस फसतो. चौघांत बोललेली गोष्ट बहुधा वेळेवर उघडी पडते.