व्यसन सोडवणाऱ्याचे शिक्षण किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला बोलायचे तर माझे कधी अडत नाही, पण लाउडस्पीकर पुढे आला की जीभ टाळ्याला चिकटते. तरी कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे दिले आहे, तेव्हा जमेल तसे सांगते. माझी स्वतःची शाळा सातवीपर्यंत. मी शिक्षणावर बोलावे याचे कुणाला हसू आले तर खुशाल हसावे.

गेल्या दिवाळीनंतर एक गृहस्थ आपल्या मंडळात आले होते, ते पुष्कळजणींना आठवत असतील. दर गुरुवारी आपल्या खोलीत बसून दारू सोडवण्याचा सल्ला देऊ, घरटी पाचशे रुपये घेऊ, असे त्यांचे म्हणणे. हातात रंगीत पत्रक आणि नावापुढे ‘समुपदेशक’ असे छापलेले. बहुतेकींचे मत पडले की हो म्हणून टाकावे. गरज तर आहेच. इकडे कर्जत, तिकडे खोपोली, मध्ये खालापूरच्या वाड्या; पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या घरी काय चालते हे मी का सांगायला हवे? पण मी आपली विचारून बसले, की दादा, तुमचे शिक्षण काय आणि हे काम करायला परवाना कुणाचा? शिक्षण म्हणजे दोन दिवसांचे शिबिर निघाले, आणि परवान्याचे त्यांनी हसण्यावारी नेले.

मी इतकी खोदून का विचारत होते ते सांगते. आमच्या आळीतल्या एका बाईने बोरमाळ मोडून नवऱ्याला घाटावरच्या एका केंद्रात ठेवले होते. तीन महिने भेटू दिले नाही. परत आला तेव्हा मनगटांवर दोरीचे वळ होते, आणि आठ दिवसांत पुन्हा गुत्त्यावर. तिथेही एक ‘समुपदेशक’ होताच. त्याचे काम म्हणजे दमदाटी करणे. ती बाई आज समोर बसली आहे, आणि तिच्याच सांगण्यावरून मी हे बोलते आहे.

चौकशीला माझी भाची उपयोगी पडली. ती समाजकार्य शिकते. तिने कागद वाचून दाखवले, मी वहीत लिहून घेतले.

पहिली गोष्ट अशी की, डॉक्टरला किंवा वकिलाला जशी सनद लागते, तशी ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ या नावाची वेगळी सनद आपल्या देशात नाही. म्हणून तर कुणीही उठतो आणि पाटी लावतो. पण पाटीच्या आतली माणसे निरनिराळी असतात आणि त्यांतल्या काहींना पक्की नोंदणी लागते. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. डॉक्टर, त्यावर आणखी मनोविकारांचे शिक्षण घेतलेला. औषध द्यायचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्रातील एम.ए.नंतर रुग्णालयात दोन वर्षे शिकलेला (त्या पदवीला एम.फिल. म्हणत आले आहेत), आणि त्याचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या वहीत असावे लागते. त्या परिषदेचा कायदा १९९२ चा. तिसरा समाजकार्यकर्ता, म्हणजे कोणतीही पदवी घेऊन पुढे दोन वर्षे एम.एस.डब्ल्यू. केलेला. मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून आहे आणि पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून. आपल्या मुलींना दोन्ही गावे गाडीने जवळच.

सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांत मात्र समुपदेशक कसा असावा हे नियमात लिहिलेले आहे. समाजकार्य, मानसशास्त्र अशा विषयांचा पदवीधर, कामाचा अनुभव असलेला आणि इथली भाषा बोलणारा असा तो हवा. त्याच नियमांत आणखी एक जागा आहे, ती वाचून मला फार बरे वाटले. स्वतः व्यसनातून सुटलेला, एकदोन वर्षे कोरडा राहिलेला, लिहितावाचता येणारा माणूस तिथे साथीदार म्हणून नेमता येतो. त्याला पदवी लागत नाही, पण प्रशिक्षण घ्यावेच लागते.

२०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील इतर व्यावसायिकांसाठी कायदा केला आणि त्यात समुपदेशकांचाही वर्ग घातला. त्याची घडी अजून पुरती बसलेली नाही. अमेरिकेत म्हणे राज्याराज्याचे नियम वेगळे. कित्येक ठिकाणी शाळा संपवलेल्यालाही या कामात शिरता येते, पण आधी वर्ग, मग जाणत्या माणसाच्या हाताखाली शेकडो, कुठे हजारो तास, आणि शेवटी परीक्षा. हाताखाली काम करण्याची ही अट मला सर्वांत पटली. सुईणीच्या हाताखाली राहिल्याशिवाय कुणी सुईण झाली आहे का?

मायेने चार शब्द सांगायला एवढे शिक्षण कशाला, असे आपल्यापैकी एकीने विचारले होते. त्याचे उत्तर भाचीने दिले ते असे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर दोनतीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, क्वचित जीवही जातो. अशा वेळी डॉक्टर आणि औषध हवे. हे ज्याला ठाऊक नाही तो भला माणूस असला तरी ‘निश्चय करा, आजच सोडा’ असे सांगून मोकळा होईल, आणि रात्री धावपळ त्या घरच्या बाईची. शिवाय ऐकलेले पोटात ठेवणे हेही शिकावे लागते. ते तर आपल्यालाही शिकायला हवे, पण तो विषय वेगळा.

मोठमोठी केंद्रे बायकांनीच उभी केली आहेत. चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले. त्यानंतर त्या अमेरिकेत जाऊन हे काम शिकल्या आणि १९८० साली त्यांनी पतीच्या नावाने संस्था काढली. पुण्याचे मुक्तांगण १९८६ सालचे. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली होती. तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच शिकून काम करू लागले, आणि बायकोलाही बोलावून बसवतात, तिचेही ऐकतात. आमच्या आळीतल्या बाईला हेच नवल वाटले. दुसऱ्या खेपेला तिने नवऱ्याला नीट चौकशी करून एका ठिकाणी नेले, तिथे पहिल्या दिवशी तिलाच विचारले, ‘ताई, तुम्हाला झोप लागते का?’ तिचा नवरा मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला, आणि आता कामावर जातो. पुढचे कुणी सांगावे?

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, दारूच्या पुरते आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकालाच काही उपचार मिळतात. म्हणजे मंडळात कुणीच बसू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. बसावे, पण विचारून. तुमची पदवी कोणती, कुणाच्या हाताखाली किती दिवस काम केलेत, तुमच्यामागे डॉक्टर कोण, हे विचारायला संकोच कसला? भाजीवालीला आपण चार वेळा भाव विचारतो. केंद्रात पाठवायचे असेल तर त्याची सरकारी नोंदणी बघायला मागावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि इतर नशेमुळे होणारे मनाचे विकारही धरले आहेत. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे आणि केंद्राला नोंदणीची सक्ती आहे. भेटू देत नाहीत, तिथून आपला माणूस परत आणावा. घरबसल्या विचारायचे तर १४४४६ हा सरकारचा दूरध्वनी आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

त्या गृहस्थांना मी पदवीचा कागद घेऊन यायला सांगितले होते. ते अजून आलेले नाहीत. सोमवारच्या सभेत माझी सूचना अशी राहील की, खोली द्यायची तर शिकलेल्या माणसाला द्यावी, महिन्यातून दोनच वेळा का होईना, आणि त्याचा प्रवासखर्च मंडळाने भिशीतून उचलावा. म्हणजे कुणाच्या घरून पाचशे रुपये जायला नकोत.

आणि एक. पदवी लांबची गोष्ट आहे, पण दहावी बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मी भरणार आहे. आणखी दोघी तयार आहेत, त्यांतली एक खालापूरची सून आहे. पुस्तके माझ्या धाकट्याची आहेत, ती चौघींना पुरतील. चौथी जी कुणी असेल तिने चहाच्या वेळी मला भेटावे, शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवावा.