चौदावी पायरी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नदीच्या पात्रात वाळूखेरीज काही दिसत नाही आणि टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागलेल्या आहेत, अशा ऐन वैशाखात साधनसंपत्तीच्या जतनावर बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. कारण हा विषय श्रावणात मांडला असता तर तो ऐकताना जी निकड वाटावी ती वाटली नसती.

साधनसंपत्तीचे प्रकार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहेत. सूर्यप्रकाश व वारा हे अक्षय. कोळसा, खनिज तेल, लोखंड ही क्षयशील. आणि या दोहोंच्या मध्ये जंगल, माती, मासळी व पाणी, जी वापरली तरी पुन्हा भरून येतात. हे वर्गीकरण खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते पाठ करता करता आपल्या मनात एक समजूत घट्ट होऊन बसते की, पुन्हा भरून येणे हा त्या वस्तूचा अंगभूत धर्मच आहे आणि आपण कसेही वागलो तरी तो धर्म ती पाळीतच राहील. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, या मधल्या वर्गातील प्रत्येक वस्तू अक्षयांच्या पंक्तीला बसणार की क्षयशीलांच्या, हे शेवटी घेणाऱ्यांनी आपापसांत ठरवलेल्या नेमावर अवलंबून असते.

आमच्या गावच्या मळ्यात पणजोबांनी बांधून काढलेली एक विहीर आहे. तिला एकवीस पायऱ्या असून चौदाव्या पायरीच्या दगडावर पाथरवटाकडून नांगराच्या फाळाची एक लहानशी खूण कोरून घेतलेली आहे. पाणी त्या खुणेखाली उतरले की उसाच्या दंडाला माती लावावयाची, मग कितीही उभे पीक वाळो. आणि सतरावी पायरी उघडी पडली की मोट सोडून ठेवावयाची व उरलेले पाणी माणसांना आणि गुरांना राखावयाचे, असा घरचा शिरस्ता होता. तो कोणत्याही दस्तऐवजात नमूद नव्हता. पण आजोबांनी एका साली हाताशी आलेला ऊस त्यापायी जाऊ दिल्याचे मी स्वतः पाहिलेले आहे. पुढे मोट गेली आणि विजेचा पंप आला. आणि त्याहीपुढे, माझ्या संमतीने, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर दोनशे फुटांची कूपनलिका घेतली गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात एकविसाव्या पायरीखालचा गाळ भेगाळलेला दिसला. त्या दिवसापासून चौदाव्या पायरीवरची खूण पाहताना मला संकोच वाटतो, आणि हा संकोच सभेपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

असे का झाले, याचे उत्तर आपल्या पायाखालच्या पाषाणात आहे. महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूमीखाली ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर थिजून झालेला काळा पाषाण आहे. गंगेच्या खोऱ्यात खोलवर गाळ आणि वाळू असल्यामुळे तेथे पाणी मुबलक साठते. आपल्याकडे ते वरचा मुरूम, फुटका खडक आणि थराथरांमधील फटी एवढ्याच जागेत राहू शकते. म्हणजे आपली तिजोरीच मुळात लहान. पावसाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यात रिती होते. त्या फटी शेताच्या बांधाशी थांबत नाहीत, म्हणून माझ्या कूपनलिकेने ओढलेले पाणी माझे किती आणि शेजाऱ्याचे किती, हे कोणताही मामलेदार मोजणी करून सांगू शकणार नाही. तरीही 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने, ठरीव प्रवाहातून न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मानला. पुढे 1993 साली महाराष्ट्राने कायदा करून पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास बंदी केली. त्या कायद्याचा हेतू हितकर होता. परंतु मध्यरात्री बोअरची गाडी शिवारात शिरते त्या वेळी 500 मीटरांची टेप घेऊन कोणी उभा नसतो.

जे खरोखरीच क्षयशील आहे, त्याविषयी थोडक्यात सांगतो. गोव्याच्या डोंगरांतील लोहखनिज एकदा बोटीत भरून परदेशी गेले की ते पुन्हा उगवणार नाही. तेथील खाणकाम 2012 साली थांबले आणि 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची मर्यादा घालून, विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा एका कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज संपणारच असेल तर निदान त्याचे भांडवल पुढच्या पिढीच्या नावे जमा राहावे, हा त्यामागचा विचार मला अत्यंत न्याय्य वाटतो.

पण माझे मन रमते ते खानदेशात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतके जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या आधाराने चालत आलेली जी फडपद्धती आहे, तिच्याइतकी विचारपूर्वक घडलेली संस्था आपल्या ग्रामजीवनात मी दुसरी पाहिली नाही. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतोशेतीचे पाट. आणि भिजणारे सारे क्षेत्र सामान्यतः चार फडांत विभागलेले असते. एका फडात एकच पीक. उसाच्या फडात सर्वांचा ऊस, भुसाराच्या फडात सर्वांचे भुसार. पुढच्या साली पिकांची फिरवाफिरव होते, त्यामुळे जमिनीचा कस टिकतो आणि ती चिबडत नाही. कोणता फड कोणत्या पिकाला, हे दर साली गावाने ठरवावयाचे. नदीला पाणी बेताचे असेल त्या साली एखादा फड पडीक ठेवावयाचा. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत थोडथोडी विखुरलेली असल्यामुळे तुटीचा भार कोणा एकावर पडत नाही. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार आणि पाणी देण्यास पाटकरी. मालकाने स्वतः आपल्या शेतात पाणी घ्यावयाचे नाही, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

पांझरेच्या काठी असाच एक पाटकरी मी सकाळभर पाहत बसलो होतो. चारीच्या तोंडाशी रोवलेला गवताचा पेंढा आणि चिखल त्याने फावड्याच्या दोन ओढींत बाजूला केला, पाणी वाफ्यात सोडले आणि तो दुसऱ्या टोकाला जाऊन अनवाणी उभा राहिला. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. पाण्याची धार त्याच्या अंगठ्याला लागली की तो परत फिरे, चिखलाने तोंड बंद करी आणि पुढचे फोडी. हे शेत कोणाचे, असे मी विचारले, तेव्हा मान वर न करता तो अहिराणीत म्हणाला, ‘वावर कोनं बी राहो, पानी फडनं शे.’ शेत कोणाचेही असो, पाणी फडाचे आहे. साधनसंपत्तीच्या मालकीविषयी मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत. सामायिक संपत्तीचा सांभाळ लोक स्वतःच्या नेमांनी करू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांनी दाखवून 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचेही लेखन त्यात आले. पण ते सारे ज्या पायावर उभे आहे तो त्या माणसाने एका वाक्यात माझ्यापुढे ठेवला.

मात्र फडाची स्तुती करताना त्याची उणीव झाकणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्याची जमीन फडात, त्यालाच पाणी. भूमिहीनाच्या वाट्याला तेथे केवळ मजुरी आली. ही उणीव पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी हेरली. 1972 च्या दुष्काळात रस्त्यांवर खडी फोडणारी माणसे पाहून कारखानदारीत रमलेला हा गृहस्थ देवस्थानची ओसाड जमीन कसण्यास घेऊन बसला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे पाणी. ऊस वर्ज्य. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही हिस्सा. धरण सरकार बांधू शकते, तगाई सरकार देऊ शकते. परंतु तहानेची मर्यादा आणि वाटणीचा न्याय या दोन्ही गोष्टी एकाच कलमात गोवण्याचे धैर्य गावकऱ्यांनाच दाखवावे लागते, आणि ते तेथे दाखवले गेले. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पावसाच्या मापाप्रमाणे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली आणि पाऊस थोडा असूनही गाव उभे केले.

1987 साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली, तीत पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवाव्यात असे म्हटले आहे. या व्याख्येतील ‘गरज’ हा शब्द मला फार सैल वाटतो. कारण उसाच्या चौथ्या पाळीलाही आपण गरजच म्हणतो. कोणती गरज आधी आणि कोणती कोणत्या पायरीला थांबणार, हे पाऊस संपताच, कार्तिकात, सर्वांनी एकत्र बसून ठरवले नाही, तर वैशाखात ठरवण्यासारखे काही उरत नाही.

आमच्या गावात गेल्या कार्तिकात प्रथमच अशी बैठक भरली. चावडीपुढे तीन तास बोलाचाली झाल्या, दोघे उठून गेले, आणि आम्ही सात कुटुंबांनी आपापल्या कूपनलिका संक्रांतीनंतर बंद ठेवण्याच्या कागदावर सह्या केल्या. बाकीच्यांच्या अद्याप व्हावयाच्या आहेत. परवा मी मळ्यात जाऊन आलो. पाणी अठराव्या पायरीशी आहे.