आभार मानायचे राहून जातात

गाडीत असाल, स्वयंपाकघरात असाल, पाच मिनिटं माझ्यासोबत राहा.

आई गेल्यावर बाबांना आम्ही साताऱ्याहून न्यू जर्सीला घेऊन आलो. स्वतंत्र खोली, मराठी चॅनेल, फ्रिजमध्ये सगळं तयार. पण सकाळी आम्ही बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलायला कुणी नसे. साताऱ्यात दूधवाल्यापासून वाचनालयातल्या मित्रांपर्यंत रोज वीस जणांशी बोलणारा माणूस! चार महिन्यांत त्यांचं जेवण कमी झालं, झोप उडाली. सगळ्या तपासण्या नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी मला विचारलं, "यांचे इथले मित्र कोण?" ऑफिसात मी प्रत्येक प्रश्नाची स्लाइड तयार ठेवतो. इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रोझेटो नावाचं छोटं गाव आहे. इटलीतून आलेल्या, पाटीच्या दगडाच्या खाणींत राबणाऱ्या लोकांनी ते वसवलं. खाणं चरबीत तळलेलं, जोडीला वाइन आणि सिगार. तरीही १९६०च्या दशकात डॉ. स्टुअर्ट वुल्फ यांनी पाहणी केली, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू शेजारच्या गावांपेक्षा बरेच कमी निघाले. संशोधकांना कारण दिसलं ते गावाच्या राहणीत. एका घरात तीन पिढ्या, येता-जाता अंगणात गप्पा, कुणी एकटं नाही. पुढे मुलं शिकली, कमावती झाली, लांब मोठी घरं बांधून कुंपणाआड राहू लागली. मग हृदयविकाराचं प्रमाणही शेजारच्या गावांइतकंच झालं.

ही गोष्ट ऐकताना मला आमचंच सबडिव्हिजन दिसलं. तुम्हाला?

२०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त. कृतज्ञतेबद्दलही २०२४ मध्ये ४९ हजारांवर वयस्कर नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृतज्ञतेची भावना सर्वाधिक असणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे तीन वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ९ टक्के कमी होतं. एवढ्यावरून आभार मानले की आयुष्य वाढतंच, असं सिद्ध होत नाही. पण हे औषध फुकट आहे आणि त्याचे साइड इफेक्टही नाहीत.

आता बाबांचं सांगतो. आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत वह्या तपासायला कुणीतरी हवं होतं. बाबा बँकेतून निवृत्त, अक्षर मोत्यासारखं. शाळेतल्या एक काकू त्यांना गाडीतून न्यायला येऊ लागल्या. बाबांना नुसती सोबत नको होती. आपली कुणाला तरी गरज आहे, हे त्यांना हवं होतं. महिन्याभरात ते पुन्हा दुसरी पोळी मागू लागले.

एकदा गाडीतून उतरताना ते काकूंना म्हणाले, "तुम्ही येता म्हणून माझ्या आठवड्याला शनिवार असतो." मी दारात उभा होतो. सहा महिने त्या येत होत्या, आणि मी खिडकीतून फक्त हात हलवत होतो. बाबांच्या गोळ्यांची डबी दर रविवारी माझी बायको भरते. तिला तरी मी कधी काही म्हणालो होतो?

घरच्या माणसाला "आभारी आहे" म्हणणं आपल्याला परकं वाटतं. आपलं आभारप्रदर्शन मंडळाच्या कार्यक्रमात, तेही लोक जेवणाच्या रांगेकडे निघाल्यावर! हरकत नाही, तो शब्द नका वापरू. "तू होतास म्हणून निभावलं," "आज आमटी आईसारखी झाली," एवढं पुरतं. फक्त नेमकं कशाबद्दल, ते सांगा.

माझ्या कॅलेंडरवर आता रविवारी सकाळी नऊला एक रिकरिंग मीटिंग आहे. अजेंडा एकच, एका माणसाला फोन. तुम्हीही आज एक फोन करा. आणि तुमच्या घरी कुणाचे आईबाबा आले असतील, तर संध्याकाळी त्यांना विचारा, "आज कुणाशी बोललात?"

भेटूया पुढच्या वेळी. तुम्ही ऐकत होतात, म्हणून मला हे बोलता आलं. नमस्कार.