उदाहरण सुटले, दांडा टिकेल काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु आमचा नातू आमच्या घरी राहून मेकॅनिकल इंजिनियरिंगचे तिसरे वर्ष करीत आहे आणि त्याच्या वह्यांशी आमचा रोजचा सहवास आहे. त्यातून जे उमगले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

प्रथम आपल्या घरातील गोष्ट घेऊ. भाता आणि ऐरण हे आपल्या ज्ञातीचे पूर्वापार धन. आपले वाडवडील बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवीत. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवीत, जाळात लाल होईतो तापवीत, चाकावर बसवून वर पाणी ओतीत. निवताना धाव आवळे आणि सारे चाक एकजीव होई. हेच काम कॉलेजात उदाहरण होऊन येते. दीड मीटर व्यासाची पोलादी धाव ५०० अंशांनी तापविली, तर तिचा व्यास सुमारे ९ ते १० मिलिमीटरने वाढतो. ती चाकाहून दीड मिलिमीटर लहान केली आणि चाक मुळीच दबले नाही असे धरले, तर निवल्यावर तिच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २०० न्यूटन ताण येतो. साधे पोलाद २५० च्या सुमारास कायमचे ताणले जाऊ लागते. प्रत्यक्षात लाकूड दबते, म्हणून ताण कमी पडतो. तथापि धाव किती लहान ठेवावी, याला मर्यादा आहे आणि ती आपल्या आजोबांच्या हाताला ठाऊक होती. नातवाला ती कागदावर काढावी लागते. विद्या तीच आहे. तिची भाषा मात्र बदलली आहे.

या भाषेची एक खोड मुलांना आणि पालकांनाही समजावयास हवी. शाळेच्या गणिताला एकच उत्तर असते. यंत्ररचनेच्या गणिताची गोष्ट निराळी. समजा, २० हजार न्यूटन, म्हणजे सुमारे दोन टनांचा भार, एका गोल सळईला टांगावयाचा आहे. पोलाद २५० न्यूटनपर्यंत तग धरते. त्याला ४ या सुरक्षा-गुणकाने भागले की साडेबासष्ट न्यूटन उरतात. म्हणजे ३२० चौरस मिलिमीटर छेद हवा आणि व्यास येतो २०.१८ मिलिमीटर. शाळेचा विद्यार्थी येथे दोन रेघा ओढून मोकळा होईल. इंजिनियरचे काम येथून पुढे सुरू होते. बाजारात २०.१८ ची सळई मिळत नाही. २० ची घेतली तर गुणक ४ च्या खाली उतरतो. म्हणून २२ ची घ्यावी काय? भार हळूहळू येणार की हिसक्याने? आणि मुळात गुणक ४ च का धरला? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात.

पुढे आणखी एक अडचण येते. पट्टीला खिळा बसविण्यास भोक पाडले की तेवढेच लोखंड कमी झाले, असे आपणांस वाटते. १८९८ साली किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवून दिले की, रुंद पट्टी ओढली असता तीतील लहान गोल भोकाच्या कडेशी ताण एकदम तिप्पट होतो. सरासरी काढणारा विद्यार्थी येथे फसतो. तडा जातो तो सरासरीच्या जागी जात नाही, भोकाच्या कडेशी जातो.

दांडा फिरू लागला म्हणजे तर प्रकरण अधिकच बिकट होते. भाराने वाकलेल्या आसाचा जो बिंदू या क्षणी ताणला जातो, तोच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबला जातो. मिनिटास ५०० फेरे धरले तर एका दिवसात ही ओढाताण ७ लाख २० हजार वेळा होते. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस वाटेत मोडला; डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली. वर्षानुवर्षे निमूटपणे काम देणारे आस एकाएकी का मोडतात, हे कोडे त्या काळी कोणास उलगडेना. जर्मन रेल्वेतील अभियंता व्होलर याने १८७० पर्यंत अनेक वर्षे आस फिरवून पाहिले. एका खेपेस जो भार धातू सहज सोसतो, तोच लाखो वेळा आला तर धातूही थकतो, हे त्याने सिद्ध केले. आपला विद्यार्थी आज थकव्याचे जे उदाहरण सोडवितो, त्याच्यामागे अशी माणसे गेलेली आहेत.

आता थोडे कटू बोलतो; मुलांनी राग मानू नये. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच्या वहीवरून दहा वह्या उतरतात, हे आम्ही पाहिले आहे. जो उतरवितो त्यास २०.१८ मिळते, २२ का, हे मिळत नाही. कोणी म्हणेल, आता संगणक आहे, तो सारे करतो. संगणक पडद्यावर सुंदर रंगीत चित्र काढतो आणि जास्त ताणाची जागा लाल दाखवितो, हे खरे. परंतु दांडा कोठे धरला आहे आणि भार कोठे पडतो, हे त्यास माणसानेच सांगावे लागते. तेच चुकीचे सांगितले, तर चित्र तितकेच सुंदर आणि तितकेच खोटे येते. ज्याने हाताने दहा उदाहरणे सोडविली आहेत, त्यालाच ते खोटे ओळखता येईल.

पालकांना आमची विनंती अशी. मुलगा किंवा मुलगी एका उदाहरणाशी दोन तास झगडत बसली, उत्तर खोडून पुन्हा आरंभ करू लागली, तर वेळ वाया गेला असे समजू नका. माप धरावे, तपासावे, न टिकल्यास दुसरे धरावे, हीच या शास्त्राची रीत आहे. दुसऱ्या वर्षात एखादा विषय राहिला म्हणून मुलाचे नाव काढून त्यास मिळेल त्या नोकरीस लावण्याची घाई करू नका. कर्ज काढून पाठविलेले मूल मागे पडले की घरात काय होते, ते आम्ही जाणतो. परंतु अशा मुलाला बोलण्यापेक्षा शेजारी बसणारे माणूस अधिक उपयोगी पडते.

ते माणूस मंडळाने द्यावे. आपल्या ज्ञातीत निवृत्त फोरमन आहेत, इंजिनियर आहेत, आजही भट्टी चालविणारे कारागीर आहेत. रविवारी दोन तास त्यांनी मंडळाच्या सभागृहात बसावे. सोबत एखादा मोडका आस आणावा आणि त्याचे मोडलेले तोंड मुलांस दाखवावे. शिंपल्यावरील रेघांसारख्या रेघा असलेला गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढलेला तडा, आणि खरबरीत भाग म्हणजे शेवटी तुटलेली जागा. वहीतील आकडे तेथे डोळ्यांना दिसतात. जुनी पाठ्यपुस्तके आणि डिझाइन डेटा बुके ज्यांच्या घरी पडून असतील, त्यांनी ती मंडळाच्या कपाटात द्यावीत. खर्च फारसा नाही. मन मात्र हवे.

आज ज्यांचा गौरव झाला त्यांचे अभिनंदन, आणि जे मागे राहिले त्यांनी पुढील रविवारी वह्या घेऊन यावे, असे आग्रहाचे निमंत्रण देऊन आम्ही आपली रजा घेतो.