काळी चार आणि जुना कॅसिओ

आम्ही मोहोळ तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात चौदा जणी, त्यातल्या नऊ जणी भजनी मंडळात. आज बोलणार आहोत ते एका जुन्या कॅसिओबद्दल. कॅसिओ हे खरं तर कंपनीचं नाव, पण आपल्याकडे असल्या प्रत्येक वाद्याला कॅसिओच म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो.

आधी गरज का पडली ते सांगतो. आमच्या भजनाला पेटी यायची पुरुष मंडळाची, आणि वाजवणारे बुवाही त्यांचेच. माणूस भला, पण हात बसलेला काळी एकमध्ये. पुरुषांना ती पट्टी सोयीची. बाईचा आवाज बहुतेक करून काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. काळी एकला खाली गावं तर सूर घशातच राहतो, एक सप्तक वर घ्यावं तर किंचाळावं लागतं. लोक म्हणायचे, बायकांच्या भजनाला गोडी नाही. ऐकून ऐकून आम्हालाही तसंच वाटायला लागलं होतं. शिवाय बुवांना सवड व्हायची ती नेमकी आमच्या भाकरीच्या वेळेला.

नवी चांगली पेटी आमच्या आवाक्याबाहेरची. अशात कळलं, सोलापुरात एक ऑर्केस्ट्रावाले जुनं सामान काढतायत, त्यात एक कॅसिओ आहे. किंमत दोन हजार सहाशे. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरलं. जी गाणार तिनंच द्यायचे. नऊ जणींचे तीनतीनशे, झाले दोन हजार सातशे. उरलेल्या शंभरात सेल.

आता तुम्ही कुणी असा जुना घेणार असाल तर हे नीट ऐका. पहिल्यांदा सेलचा डबा उघडून बघा. आत पांढरी-हिरवी बुकटी साचली असेल तर सेल पाझरलेत, तारा खाल्ल्या असतील. मग पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक दाबा, घाई करू नका. एखादी जोरात दाबल्यावरच बोलत असेल तर आतल्या रबराखाली धूळ असते. ती कारागिराकडून साफ करून घेता येते, म्हणून किंमत कमी करून मागा. चार पट्ट्या एकदम दाबा, चारही सूर ऐकू आले पाहिजेत. काही जुनी वाद्यं एका वेळी एकच सूर देतात. आवाजाचं बटण हळू फिरवा. खरखर झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती धुळीची असते. पट्ट्या मोजा. सदतीस म्हणजे तीन सप्तकं, एकोणपन्नास म्हणजे चार, एकसष्ट म्हणजे पाच. भजनाला एकोणपन्नास भरपूर झाल्या.

सगळ्यात महत्त्वाचं अडॉप्टर. वाद्याच्या पाठीवर किती व्होल्ट ते लिहिलेलं असतं, आमच्यावर साडेसात आहे. शेजारी एक बारीक चित्र असतं, गोलाच्या मधे अधिक की उणे ते दाखवणारं. जुन्या कॅसिओंना बहुतेक मधे उणे लागतं, आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ अडॉप्टरांना मधे अधिक असतं. पिन बसते, पण वाद्य जळू शकतं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी हे चित्र जुळवता येतं. आमच्या आक्कांनी ते दुकानात बोट ठेवून जुळवलं.

घरी आणल्यावर कुरकुर झालीच. एक म्हातारे म्हणाले, हे वरातीतलं वाद्य, देवापुढं कशाला? पण मैत्रिणींनो, पेटी तरी कुठं आपली होती? तीही युरोपातून आली. मांडी घालून बसून हातानं भाता मारायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमाराला तयार केली. १९४० मध्ये तर आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय भजन कुणाला सुचतं का? म्हातारे हसले, आणि पुढच्या वेळी पहिल्या रांगेत येऊन बसले.

ही कॅसिओ कंपनी मुळात हिशोबाची यंत्रं करणारी, जपानची. वाद्यं काढायला लागली १९८० मध्ये. १९८१ मध्ये तर तिनं असं एक छोटं वाद्य काढलं की त्यावर बेरीज-वजाबाकीही व्हायची. आपल्या गटाला तेच बरं पडलं असतं! त्याच सुमाराला हिरोको ओकुडा नावाची एक तरुण मुलगी तिथं नोकरीला लागली. एका कॅसिओत भरायचे ताल तिनं बसवले. १९८५ मध्ये पार जमैकात त्यातल्या एका तालावर गाणं झालं, ते गाजलं, आणि मग त्याच तालावर शेकडो गाणी झाली.

आमच्या कॅसिओतले ताल मात्र आम्ही बंदच ठेवतो. भजन सावकाश सुरू होतं आणि रंगत चढली की पळतं. यंत्र काही आपल्याबरोबर पळत नाही. आम्हाला आमची ढोलकी आणि टाळ बरे. मींडही त्यावर येत नाही, ती गळ्यानंच घ्यायची.

शिकलो कशा? टिकल्या लावून. काळी चारवर लाल टिकली, तो सा. रे काळी पाच, ग त्याच्या वरची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. बाकीच्यांवर हिरव्या टिकल्या. पट्ट्या बारीक, आणि खुरपं धरून धरून आमची बोटं जाड. पहिला महिना एका बोटानं दोन पट्ट्या दाबल्या जायच्या. आता तिघी जणी चाल धरतात. पहिल्यांदा काळी चारला सगळ्यांनी मिळून गायलो तेव्हा आमच्या एक मावशी, वय सत्तरीच्या पुढं, मधेच थांबल्या. म्हणाल्या, "अगं, हा माझाच आवाज का?"

ठेवण्याचं म्हणाल तर आठ दिवस एकीच्या घरी, मग पुढचीच्या. उशीच्या अभ्र्यात घालून, उंदरांपासून लांब, पत्र्याच्या पेटीत. वाजवून झाल्यावर सेल काढून ठेवायचे. कुणाकडं आहे ते गटाच्या वहीत लिहायचं. वीज गेली तर पाच मोठ्या सेलवर चालतो, त्यामुळं भारनियमनात भजन अडत नाही. नातवंडांना वाजवायची मुभा आहे, पण टिकल्या उचकटायच्या नाहीत. या आठवड्याला तो धाकट्या वैनींकडं आहे, आणि त्यांच्या घरून सकाळी सहालाच सूर ऐकू येतात.