स्मार्टफोनवर किती खर्च करावा?

डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरून माझगावच्या गोदीकडे जाणाऱ्या कामगारांत आज स्मार्टफोन जवळ नाही असा मनुष्य विरळाच. ३१ जुलै १९९५ रोजी या देशात पहिले मोबाइल संभाषण झाले, तेव्हा हे यंत्र धनिकांचे भूषण होते. आता पैशाची देवघेव, मुलांच्या शाळेच्या सूचना, गावाकडील वडीलधाऱ्यांची खुशाली हे सारे त्याच्याच आश्रयाने चालते. तेव्हा फोन घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न उरलेला नाही. किती रुपयांचा घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न.

माझगावचे आंबे एके काळी नावाजलेले होते. ते पारखून घेणारा मनुष्य नुसत्या सालीच्या रंगावर खचितच भाळत नसेल. कॅमेरा आणि पडद्याची झळाळी ही फोनची साल होय. फोन किती वर्षे सुरक्षितपणे चालेल, हा त्यातील गर. फोनच्या आज्ञावलीत चोरवाटा सापडतात. त्या बुजविणारी दुरुस्ती, जिला अपडेट म्हणतात, ती कारखानदाराकडून ठरावीक वर्षेच मिळते. ती थांबली म्हणजे फोन चालतो खरा, परंतु त्यातून पैशाचे व्यवहार करणे धोक्याचे होऊ लागते.

यास्तव किमतीला या वर्षांनी भागून पाहावे. सॅमसंग कंपनीने २०२४ साली काढलेले तीन फोन, त्यांच्या तेव्हाच्या किमतींनिशी, घेऊ. गॅलॅक्सी ए०६ हा ९,९९९ रुपयांचा, अपडेट चार वर्षे; म्हणजे वर्षाला सुमारे २,५०० रुपये. ए१६ फाइव्ह-जी १८,९९९ रुपयांचा, सहा वर्षे, वर्षाला ३,१६७. एस२४ हा ७९,९९९ रुपयांचा, सात वर्षे; वर्षाला ११,४२८! एका अधिक वर्षासाठी चौपटीहून अधिक किंमत. ती छायाचित्रांच्या शौकीनाने खुशाल द्यावी, पण कर्जाचे हप्ते बांधून देऊ नये.

नुसत्या आकड्यांनी पहिला फोन सरस ठरतो. परंतु त्यात साठवणीची जागा ६४ जीबी आणि रॅम ४ जीबी. मुदत संपण्याआधीच तो अडखळू लागण्याचा संभव पुष्कळ. बोलणे, निरोप व किरकोळ देवघेव एवढेच ज्यांचे काम, अशा वृद्धांना तो पुरेल. दिवसभर फोन राबविणाऱ्या नोकरदाराने किंवा विद्यार्थ्याने मात्र अठरा-वीस हजारांपर्यंत जावे.

आणखी एक गोष्ट. ही मुदत खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात. म्हणून जुना नमुना सवलतीत मिळाला, तर उरलेल्या वर्षांनीच भागावे. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून त्याचा १५ अंकी ओळखक्रमांक पाहावा. मग 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, थोडी मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर धाडावा. क्रमांक काळ्या यादीतील किंवा नक्कल केलेला असल्याचे उत्तर आले, तर फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.