रेघ तालुक्याची, घाव गावाला



तेरेखोलच्या खाडीत जाळे टाकणाऱ्याला सीमा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पाणी एक, कचेऱ्या दोन. मांजरेच्या काठचा शेतकरी तेच भोगतो. निलंग्यात त्याला सातबारा मराठीत मिळतो. भालकी-औरादला त्याच्या सोयऱ्याची पहाणी कानडीत.

हे घडले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. जुने हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले आणि बीदर जिल्हाही फाटला. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. गुलबर्ग्याचे आळंदही तिकडेच.

तालुका फोडता येत नव्हता, असे कोणी म्हणेल. मग त्याच कायद्याने देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे काढून आंध्रला कशी दिली? तिथे सुरी मंडळापर्यंत पोचली. भालकी-औरादच्या मराठी गावांपाशी मात्र ती तालुक्यावरच थांबली!

पुढे आंध्र आणि मद्रास यांची सीमा पाटसकरांनी गाव हा घटक धरून ठरवली. १९५९ साली संसदेने तसा कायदा केला. तोच न्याय महाराष्ट्र मागतो. २००४ साली त्याने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यात बीदर-कलबुर्गीची गावेही आहेत.

मंडळींनो, तालुके सरकार पाडते, सरकारच मोडते. गाव मात्र माणसांनी वसवलेले असते. म्हणून मोजायचे तर गाव मोजा, आणि विचारायचे तर गावालाच विचारा.